खाडीत वाट कोणी द्यायची

नवी मुंबईत सीवूड्सला राहणाऱ्या एका निवृत्त कॅप्टनकडे मी शिडाची छोटी बोट चालवायला शिकायला लागले, तेव्हा सुरुवातीचे काही रविवार आम्ही पाण्याजवळ गेलोच नाही. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लाकडाचे ठोकळे मांडलेले असायचे. एक टोक निमुळतं तासलेलं, उजव्या कडेला हिरवी पट्टी, डाव्या कडेला लाल, मागे पांढरा ठिपका. काका दोन ठोकळे समोर ठेवून विचारायचे, “ही तू. ही दुसरी. आता काय करशील?” मी नियमाचा क्रमांक सांगितला की म्हणायचे, “क्रमांक परीक्षेत लिही. सुकाणू कुठे फिरवशील ते सांग.”

नेरूळला राहून खाडी रोज दिसते, पण मी तिच्याकडे बघायचे ती पक्ष्यांसाठी. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला बोटी निघतात, त्यांतून बऱ्याचदा गेले आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं, तेव्हापासून तिथे गर्दी वाढली. अशाच एका फेरीत आमच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, मध्येच मशीन हळू केलं. समोर काहीच नव्हतं. थोड्या वेळाने कांदळवनाच्या कडेने एक होडकं आडवं निघून गेलं, दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही, आणि आमची बोट पुन्हा चालू लागली. त्याने का थांबवलं, त्या होडक्याला आपल्याला वाट मिळणार हे कसं कळलं, हा प्रश्न डोक्यात राहिला. मग १८ डिसेंबर २०२४ आला. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि माणसं गेली. त्यात कोणाचं काय चुकलं हे ठरवणारे वेगळे आहेत, मी त्यात पडत नाही. पण आपल्या घरापासून काही मैलांवर, भर दुपारी, उघड्या पाण्यात दोन बोटी एकमेकींवर येऊ शकतात हे कळल्यावर मला स्वस्थ बसवेना. पाण्यावरच्या वाटेचे नियम मला नीट शिकायचे होते, आणि ते पुस्तकातून नव्हे तर हातात सुकाणू घेऊन.

नियम जगभर एकच आहेत. १९७२ साली लंडनला झालेल्या करारात ते ठरले आणि १५ जुलै १९७७पासून लागू झाले. समुद्रावर आणि समुद्राला जोडलेल्या, जिथे समुद्रावरची जहाजं येऊ शकतात अशा सगळ्या पाण्यावर ते चालतात. म्हणजे न्हावा शेवाच्या बंदरात शिरणारं तीनशे मीटरचं कंटेनर जहाज आणि आमची पंधरा-सोळा फुटी बोट एकाच कायद्याखाली येतात. स्थानिक अधिकारी बंदरापुरते, खाडीपुरते वेगळे नियम करू शकतात, पण तेही मूळ नियमांच्या शक्य तितके जवळ असावे लागतात.

टेबलावरचा पहिला धडा साधा होता. मशीनवर चालणाऱ्या दोन बोटी अगदी समोरासमोर आल्या, तर दोघांनीही उजवीकडे वळायचं. दोघांनीही. जिन्यात समोरासमोर आलेली दोन माणसं एकदा इकडे, एकदा तिकडे होतात आणि शेवटी एकमेकांवरच येतात, ते पाण्यावर होऊ नये म्हणून बाजू आधीच ठरवून टाकली आहे. आपल्याकडे रस्त्यावर गाडी डावीकडून चालते, म्हणून नवशिक्याचा हात संकटात डावीकडे जातो. काकांनी हा एक धडा इतक्या वेळा घोटून घेतला की ठोकळे समोरासमोर ठेवताच माझं मनगट आपोआप फिरायला लागलं.

दुसरा धडा आडव्या वाटेचा. मशीनवरच्या दोन बोटींच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे त्याने वाट द्यायची. आणि देताना शक्यतो तिच्या पुढून जायचं नाही, मागून जायचं. रात्री हे दिव्यांवरून ओळखता येतं, आणि ती योजना समजली तेव्हा मला खरोखर आनंद झाला. बोटीच्या उजव्या बाजूला हिरवा दिवा, डाव्या बाजूला लाल, प्रत्येक दिवा नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो. उरलेले १३५ अंश मागच्या पांढऱ्या दिव्याचे. बेरीज बरोबर ३६०. म्हणून माझी वाट आडवी छेदणारी बोट उजवीकडून येत असेल, तर मला तिची डावी बाजू, म्हणजे लाल दिवा दिसतो, आणि वाट मी द्यायची असते. ती डावीकडून येत असेल तर मला हिरवा दिसतो, मी माझ्या वाटेने चालत राहायचं. आणि मागचा पांढरा दिवा तेवढा दिसत असेल, तर मी तिला मागून गाठते आहे. मागून गाठणाऱ्याने नेहमीच लांब राहायचं. तो शिडावर असो, वल्ह्यावर असो, छोटा असो की मोठा. शिडाच्या बोटीने मशीनच्या बोटीला मागून गाठलं, तरीसुद्धा जबाबदारी शिडाचीच.

तिसऱ्या धड्यात कोणी कोणाला मान द्यायचा त्याची उतरंड आली. सगळ्यात वर, सुकाणू किंवा मशीन बिघडून हाताबाहेर गेलेली बोट. तिच्या बरोबरीने, कामामुळे ज्यांना हलता येत नाही अशा: गाळ काढणारा ड्रेजर, पाण्याखाली केबल टाकणारं जहाज. मग मासेमारी करत असलेली बोट. मग शीड. आणि सगळ्यात शेवटी मशीनवर चालणाऱ्या बाकी सगळ्या, मग त्या कितीही वेगवान आणि महागड्या असोत. इथे दोन बारकावे आहेत जे मला फार महत्त्वाचे वाटतात. मासेमारीच्या बोटीला हा मान जाळं पाण्यात असताना आहे. मासळी घेऊन धक्क्याकडे परतणारी बोट ही नुसती मशीनची बोट. आणि शीड वर असलं तरी खाली मशीन चालू असेल, तर तीही मशीनचीच बोट. दिवसा तसं चालत असताना पुढे टोक खाली असलेला काळा शंकू लावायचा असतो, म्हणजे दुसऱ्याची फसगत होत नाही. आमच्याकडे पत्र्याचा एक होता, काळा रंग दिलेला. खाडीत तो लावणारे दुसरे कोणी मला दिसले नाहीत, पण काकांनी तो प्रत्येक वेळी लावायला लावला.

मग एका सकाळी बेलापूरच्या बाजूने आम्ही पाण्यात उतरलो. बोट काकांच्या मित्राची, कागदपत्रं जागच्या जागी. लाइफ जॅकेट, दोराने गळ्यात अडकवलेली शिट्टी, वल्ही, नांगर. बारा मीटरपेक्षा लहान बोटीला भोंगा-घंटा सक्तीची नाही, पण आवाज करायचं काहीतरी साधन हवंच. काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती डोळ्यांची आणि कानांची. नियम ५ म्हणतो, सतत पहारा ठेवा, दृष्टीने आणि श्रवणाने, आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनाने. शिडाच्या बोटीत हे अवघड असतं, कारण शिडामागे पाण्याचा मोठा तुकडा झाकला जातो. दर मिनिटाला मान खाली घालून शिडाच्या खालून पलीकडे बघायची सवय लावावी लागते. बघितलं की मोठ्याने बोलायचं, हा काकांचा नियम. “उजवीकडे लाँच, लांब, आपल्याकडे येत नाही. मागे कोणी नाही. डावीकडे दोन होड्या, जाळं टाकलेलं.” सुरुवातीला हे बोलणं अवघड वाटतं, पण बोललं की जे नीट बघितलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

पनवेलची खाडी बेलापूरच्या खालून येऊन मोठ्या खाडीला मिळते, तिथवरचा पट्टा अरुंद आहे. ओहोटीला दोन्ही बाजूंनी चिखल वर येतो आणि खोल पाण्याची वाट तेवढी मध्ये उरते. इथे उतरंडीचा सगळा हिशेब बदलतो. नियम ९ सांगतो की अरुंद वाटेत प्रत्येकाने आपल्या उजव्या कडेला चिकटून जायचं, आणि वीस मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या बोटीने, ज्याला त्या खोल वाटेतूनच जाता येतं त्याची अडवणूक करायची नाही. मासेमारी करणाऱ्यानेही नाही. उतरंडीचा नियम १८ सुरूच या वाक्याने होतो की नियम ९, १० आणि १३ वेगळं सांगत नसतील तिथे. म्हणजे ‘शिडाला सगळ्यांनी वाट द्यायची’ हे जे हौशी लोकांच्या तोंडी असतं, ते अर्धंच वाक्य आहे. आमच्या बोटीला दोन-तीन फूट पाणी पुरतं. समोरून येणाऱ्या भरलेल्या बार्जला, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीला, तेवढ्यात चालता येत नाही. ती चिखलावर चढली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. मी शीड उतरवलं, कडेच्या उथळ पाण्यात सरकले आणि ती पुढे निघून जाईपर्यंत वल्ह्यांवर थांबले. माझ्या मते हा सगळ्या नियमांतला सर्वांत समंजस नियम आहे. ज्याला दुसरी वाट आहे त्याने ती घ्यावी.

त्या बार्जच्या पुढे तिला दोराने ओढणारी बोट, म्हणजे टग होता, आणि काकांनी तिथेच एक गोष्ट दाखवली जी मी कधी विसरणार नाही. टग आणि बार्ज यांच्यामध्ये मोकळं पाणी दिसतं. दोर मध्ये झोळ पडून पाण्याखाली गेलेला असतो, त्यामुळे लांबून या दोन वेगवेगळ्या बोटी वाटतात आणि मधून सहज निघता येईल असं वाटतं. पाण्यावर दोन बोटी एकामागे एक, एकाच वेगाने, एकाच रेषेत चालताना दिसल्या तर आधी मधल्या दोराचा विचार करायचा. रात्री टगवर एकावर एक दोन पांढरे दिवे असतात आणि मागे पांढऱ्याच्या वर पिवळा. ओढायची लांबी दोनशे मीटरहून जास्त असेल, तर पांढरे तीन.

बाहेर, नेरूळच्या पश्चिमेला, पाणी रुंद होतं. समोर मुंबईच्या बाजूचे ट्रॉम्बेचे डोंगर, दक्षिणेला अटल सेतूची लांबच लांब रेघ. इथे आडव्या वाटेचा धडा खरा झाला. वारा पडला होता, शीड खाली, छोटं मशीन चालू. उजवीकडून एक प्रवासी लाँच येत होती. धडक होणार की नाही हे डोळ्याने अंदाजाने ठरवायचं नाही, हे काकांनी बजावलं होतं. बोट सरळ धरायची आणि ती लाँच आपल्या बोटीवरच्या एखाद्या ठरलेल्या खुणेशी जुळवायची. मी ती डोलकाठीच्या उजव्या तारेशी जुळवली. थोड्या वेळाने ती तारेच्या पुढे सरकली असती, तर ती माझ्या पुढून जाणार. मागे पडली असती, तर मागून. ती तारेवरच चिकटून राहिली, आणि मोठी होत गेली. होकायंत्रातली दिशा बदलत नाही आणि अंतर कमी होतंय, म्हणजे धडक ठरलेली. नियम ७मध्ये हेच लिहिलं आहे, पण तारेवर चिकटलेली ती लाँच बघेपर्यंत ते माझ्या अंगात उतरलं नव्हतं. मात्र अगदी मोठ्या जहाजाच्या किंवा टग-बार्जच्या बाबतीत दिशा थोडी बदलत असली, तरी निर्धास्त व्हायचं नाही. टगची दिशा बदलत असते आणि मागची बार्ज आपल्यावर येत असते.

वाट मी द्यायची होती. “आता थोडंसं नाही,” काका म्हणाले. “त्याला दिसेल इतकं वळ.” मी सुकाणू चांगलं दाबलं, बोट उजवीकडे वळली, इतकी की आमची नाळ लाँचच्या मागच्या पाण्याकडे झाली आणि लाँचवाल्याला आमची दुसरी बाजू दिसली. वळायचं तर लवकर, मोठं आणि एकदाच. पाच-पाच अंश चोरून वळत राहिलं, तर समोरच्याला कळतच नाही की आपण काही केलं आहे, आणि मग तोही काहीतरी करायला जातो. लाँचच्या तांडेलाने हात वर केला. मला त्या हाताचं फार अप्रूप वाटलं, कारण ऐरोलीच्या बोटीत पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. त्या तांडेलाने मशीन हळू केलं होतं ते होडक्याला दिसावं म्हणून, आणि होडक्यातल्या माणसाला ते दिसलं होतं.

त्याहून कठीण आहे दुसरी बाजू, वाट मिळणाऱ्याची. वाट देणाऱ्याचं काम आपल्याला सोपं वाटतं, कारण हातात काहीतरी करायला असतं. ज्याला वाट मिळायची असते, त्याने आपली दिशा आणि वेग तसाच ठेवायचा असतो, आणि हेही कर्तव्यच आहे. घाबरून वळलो तर समोरच्याने आपल्या मागून जायची जी आखणी केली आहे ती मोडते. एका दुपारी डावीकडून एक स्पीडबोट आली. नियमाने वाट तिने द्यायची. ती तारेवर चिकटली होती, पाणी उडवत मोठी होत होती, आणि चालवणारा मागे वळून प्रवाशांशी बोलत होता. मला आत्ता वळावंसं वाटत होतं. काका काहीच बोलले नाहीत. मी शिट्टी तोंडात धरली आणि पाच आखूड फुंका मारल्या. पाच किंवा अधिक आखूड आवाज, एकापाठोपाठ, म्हणजे ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’. एक आखूड म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे मशीन मागे फिरवलं आहे. पाच फुंकांनंतर त्याने मान वळवली आणि बोट आमच्या मागे वळवली. त्याने तेव्हाही काही केलं नसतं, तर नियम १७ मला वळायची मुभा देतो, आणि आता त्याच्या एकट्याच्या प्रयत्नाने धडक टळणार नाही अशी वेळ आली की वळणं सक्तीचं करतो. फक्त अशा वेळी डावीकडे, त्याच्याच अंगावर, वळायचं नाही. म्हणजे धडकेनंतर ‘वाट माझी होती’ असं म्हणायची सोय हा कायदा कोणालाच देत नाही. दोन बोटींपैकी एकीला एक काम दिलं आहे, दुसरीला दुसरं, आणि दोघींनाही धडक टाळायची आहे. मी हे ज्याला त्याला सांगत सुटले आहे, कारण रस्त्यावरून आलेली ‘माझा हक्क’ ही समजूत घेऊन लोक पाण्यात उतरतात.

शिडांचे आपसांतले नियम त्यामानाने लवकर आले. दोन शिडांपैकी जो वारा डाव्या बाजूने घेतो, त्याने उजव्या बाजूने घेणाऱ्याला वाट द्यायची. दोघांचा वारा एकाच बाजूने असेल, तर वाऱ्याकडच्याने. थंडीत आपल्याकडे सकाळी वारा जमिनीवरून येतो आणि दुपारी फिरून वायव्येकडून. त्या वायव्येच्या वाऱ्यात खाडीतून उत्तरेकडे, वाशीच्या बाजूला चढायचं तर वारा डावीकडून येतो. म्हणजे दुपारच्या परतीच्या वाटेवर पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रत्येक शिडाला वाट आपण द्यायची, हे हिशेबात धरूनच निघावं लागतं. खरं तर आता खाडीत शिडं उरली आहेत कुठे? सगळीकडे मशीन. काकांच्या मित्राने दुसरी बोट आणली म्हणून हा धडा पाण्यात करता आला.

रात्रीचं शिक्षण लाँचमध्ये बसून झालं. संध्याकाळी उरणजवळच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये आम्ही बसायचो आणि दिवे वाचायचो. आधी किनाऱ्याचे दिवे मनातून पुसायचे, कारण मुंबईच्या बाजूला इतका उजेड आहे की बोटीचा दिवा त्यात हरवतो. जो दिवा मागच्या दिव्यांवरून सरकतो, तो बोटीचा. नांगरलेल्या मोठ्या जहाजांना पांढरे दिवे आणि डेकभर उजेड. चालणाऱ्या, पन्नास मीटरहून लांब जहाजाला दोन उंच पांढरे, पुढचा खाली आणि मागचा वर. ते दोन एकमेकांपासून फटकून दिसले की जहाज आडवं जातंय. एका वेळी ते दोन्ही जवळ येत येत एकावर एक झाले आणि खाली लाल-हिरवा दोन्ही दिसायला लागले. जहाज सरळ आमच्या दिशेने वळलं होतं. लाँचच्या तांडेलाला ते माझ्या आधीच दिसलं असणार, त्याने लाँच बाजूला घेतली होती. काकांनी तेव्हा सांगितलं की अशा जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून ते चालवतात त्या खोलीतून, नाळेपुढचं पाचशे मीटरपर्यंतचं पाणी झाकलेलं असू शकतं, आणि तेवढं आंतरराष्ट्रीय नियमांत मान्यही आहे. थांबायलाही त्याला काही किलोमीटर लागतात. छोट्या बोटीतल्या माणसाने जहाजावरचा माणूस आपल्याला बघतोय असं धरून चालायचंच नाही.

एवढं झाल्यावर काकांनी मला बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातल्या एका नाखवांकडे, म्हणजे होडीच्या मालकांकडे, पाठवलं. “माझ्याकडचं संपलं. खाडी त्यांना माहीत आहे.” नाखवांनी मला होडीत घेतलं आणि अर्धा दिवस काही शिकवलं नाही. जाळ्यांजवळ आलो तेव्हा बोलले. पुस्तकाप्रमाणे मासेमारी करणाऱ्या बोटीने टोकाला टोक लावलेले दोन शंकू दाखवायचे, रात्री पांढऱ्यावर लाल दिवा. खाडीत दिसतात ते प्लास्टिकचे कॅन, थर्माकोलचे तुकडे, काठीला बांधलेलं फडकं. मी कॅन मोजत वाट शोधत होते.

“ताय, बोया नको बगू, पानी बग,” ते म्हणाले. “जिकरं पानी, तिकरं जाला.”

भरतीला जाळं एका अंगाला ताणलेलं, ओहोटीला दुसऱ्या. उधाणाच्या दिवशी आपल्याकडे भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, आणि एवढं पाणी सहा तासांत खाडीतून आत-बाहेर करतं. पाण्याची ओढ ज्या दिशेला, त्या दिशेला कॅनच्या पुढे जाळं पसरलेलं. म्हणून कॅनच्या पाण्याकडच्या बाजूने, जिकडून ओढ येते तिकडून जायचं. खात्री नसेल तर मशीन बंद करून हात करून विचारायचं, जाळं कुठवर आहे. मशीनच्या पंख्यात अडकलेलं जाळं म्हणजे त्या घरचा बराच पैसा गेला, आणि तुमचीही बोट ओढाला लागली.

पुलाखालची रीतही त्यांच्याकडूनच कळली. वाशीच्या पुलांच्या खांबांमध्ये पाणी जोराने धावतं. ओढाबरोबर येणाऱ्या होडीला थांबवता येत नाही, ओढाविरुद्ध चढणाऱ्याला येतं. म्हणून चढणारा खांबांच्या अलीकडे थांबतो आणि उतरणाऱ्याला आधी जाऊ देतो. १९७२च्या नियमांत हे असं कुठेही लिहिलेलं नाही. परत आल्यावर मी काकांना विचारलं, मग नियम कोणता पाळायचा? त्यांनी नियम २ काढून समोर ठेवला. त्यात म्हटलं आहे की हे नियम पाळले नाहीत, किंवा नाविकांची जी नेहमीची रीत आहे, किंवा त्या प्रसंगाची जी खास गरज आहे, तिच्याप्रमाणे सावधगिरी घेतली नाही, तर त्याच्या परिणामांतून कोणीही सुटत नाही. नाविकांची रीत. दिवाळ्याच्या नाखवांनी सांगितलेली पुलाखालची गोष्ट त्या दोन शब्दांत बसते, आणि म्हणून ती कायद्याच्या बाहेरची नाही.

एका बाबतीत मात्र नाखवांचं आणि माझं जमलं नाही. त्यांच्या ओळखीच्या होड्या अंधारात बिनदिव्याच्या निघतात. त्यांचं म्हणणं, आम्हाला एकमेकांचा आवाज कळतो, पाणी पाठ आहे. मी म्हटलं, तुम्हाला एकमेकांचा कळतो, पण आता खाडीत वेगवान बोटीही फिरतात, त्यांच्या मशीनच्या आवाजात तुमचं वल्हं कोणाला ऐकू येणार? नियमाने वल्ह्याच्या होडीला मोठा खर्च सांगितलेलाच नाही. एक बॅटरी हाताशी ठेवायची आणि धडक टळेल इतक्या वेळेआधी दाखवायची, एवढं पुरतं. सात मीटरपेक्षा लहान, सात नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सात समुद्री मैलांपेक्षा, जास्त न धावणाऱ्या मशीनच्या होडीला चहूकडून दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, जमलं तर बाजूचे दोन. नाखवा ऐकून घेत होते. त्यांच्या मुलाने विचारलं, तो दिवा काठीवर केवढ्या उंचीला लावायचा, म्हणजे जाळं ओढताना आपल्याच डोळ्यात येणार नाही. डोक्याच्या वर, आणि खाली आडोसा करून होडीत उजेड न पडेल असा, हे मी सांगितलं. त्यावर तिथे चांगलाच वेळ चर्चा झाली, काठी कुठे रोवायची, बॅटरी खाऱ्या हवेत किती टिकेल, भिजली तर काय.

आता १ जून ते ३१ जुलै मशीनच्या बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसात आम्हीही बोट वर काढून ठेवतो. नारळी पौर्णिमा झाली की होड्या पुन्हा पाण्यात जातील. तोवर काकांनी माझ्यासाठी दिव्यांचे पत्ते करून दिले आहेत, काळ्या कागदावर रंगीत ठिपके, आणि पत्ता उलटला की बोट कोणती, कुठे चालली आहे आणि मी काय करायचं हे एका दमात सांगायचं असतं. गाळ काढणाऱ्या जहाजाच्या पत्त्यावर अजून क्षणभर विचार करावा लागतो: ज्या बाजूला एकाखाली एक दोन लाल, तिकडे अडथळा, ज्या बाजूला दोन हिरवे, तिकडून जायचं.